रेझ्युमे लिहिण्याआधी जाहिरात वाचा

नोकरी शोधायची म्हटलं की बहुतेक जण जुनी फाइल उघडतात, सगळ्यात वर नव्या नोकरीची नोंद टाकतात, अनुभवाच्या वर्षांचा आकडा वाढवतात आणि पाठवून देतात. त्यात खोटं काही नसतं, पण तो कागद कुणालाच उद्देशून लिहिलेला नसतो. समोरच्याकडे एक जागा रिकामी आहे, काही ठरावीक कामं अडली आहेत, आणि ती या उमेदवाराला जमतील का एवढंच त्याला पाहायचं असतं. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो, त्यामुळे पहिली नजर काही सेकंदांचीच पडते. तेवढ्यात उत्तराचा सुगावा लागला तर पुढचं वाचलं जातं. म्हणून कामाला सुरुवात जाहिरातीपासून करायची.

एक घोळ आधी मिटवू. बायोडेटात जन्मतारीख, कुटुंब, पत्ता अशी वैयक्तिक माहिती असते. सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हीटे, लॅटिनमध्ये ‘जीवनक्रम’. विद्यापीठं आणि संशोधन संस्था मागतात त्या अर्थाचा सीव्ही शोधनिबंध, व्याख्यानं, अनुदानं अशी संपूर्ण नोंद देतो आणि दहा पानांचा झाला तरी चालतो. रेझ्युमे हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘सारांश’. तो एक-दोन पानांचा आणि एका जागेसाठी निवडून काढलेला असतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत या एक-दोन पानी कागदालाही सीव्हीच म्हणतात, तेव्हा नावावर जाऊ नका. किती पानं आणि कोणत्या कामासाठी, ते बघा.

जाहिरात उलगडून काढा

जाहिरात छापून घ्या किंवा कोऱ्या फाइलमध्ये उतरवा. दोन रंग घ्या. ‘आवश्यक’, ‘हवाच’, ‘किमान’ अशा शब्दांनी सांगितलेल्या गोष्टी एका रंगात, ‘असल्यास प्राधान्य’ अशा दुसऱ्या रंगात. दोनदा आलेली गोष्ट गोल करून ठेवा, कारण बहुधा दुखणं तिथेच आहे.

उदाहरणासाठी गोदाम पर्यवेक्षकाची एक जाहिरात धरू. तिच्यात म्हटलंय: मालाची आवक-जावक सांभाळणे; नोंदीतला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांचा ताळमेळ; १० ते १५ जणांच्या पाळीचं नियोजन; एक्सेल आवश्यक; सॅप (कंपनीचा साठा आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) येत असल्यास प्राधान्य. आता कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात जाहिरातीतली मागणी, दुसऱ्यात ती तुम्ही कुठे आणि कधी पूर्ण केलीत, तिसऱ्यात त्याचा पुरावा: आकडा, निकाल, प्रमाणपत्र किंवा तयार झालेली वस्तू. दुसरा रकाना भरला पण तिसरा रिकामा राहिला, तर ती ओळ रेझ्युमेत कमकुवत पडणार हे आत्ताच कळतं. ‘आवश्यक’पैकी निम्म्याहून जास्त ओळींत दुसराच रकाना रिकामा असेल, तर त्या अर्जावर संध्याकाळ घालवण्यापेक्षा पुढची जाहिरात बघावी. एखाद-दुसरी उणीव असेल तर मात्र अर्ज जरूर करा. जाहिरातीतली यादी ही इच्छांची यादी असते, आणि ती पूर्ण भरणारा माणूस क्वचितच सापडतो.

जाहिरातीतले शब्दही टिपून ठेवा. तिथे ‘साठ्याचा ताळमेळ’ म्हटलं असेल आणि तुमच्या जुन्या कंपनीत त्याच कामाला ‘स्टॉक टॅली’ म्हणत असतील, तर रेझ्युमेत जाहिरातीतला शब्द वापरा. वाचणाऱ्याला मनातल्या मनात भाषांतर करावं लागू नये. अर्ज संगणकातून चाळले जात असतील तर शोध त्याच शब्दांवर घेतला जाण्याची शक्यता जास्त असते.

वाचणाऱ्याची गरज ओळखून लिहिण्याचं एक जुनं उदाहरण आहे. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात क्रमाने मुद्दे आहेत: हलवता येणारे पूल, वेढ्याची साधनं, तोफा, चिलखती गाड्या. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता. मिलानच्या सत्ताधीशाला त्या वेळी युद्धाचा अभियंता जास्त हवा होता, हे ओळखून त्याने आपल्या कौशल्यांचा क्रम लावला. तुमचं सर्वांत लाडकं काम या जागेसाठी बिनमहत्त्वाचं असू शकतं. ते खाली जाऊ द्या.

मूळ यादी एकदाच करा

दर अर्जाला नव्याने आठवत बसलात तर तिसऱ्या अर्जाला कंटाळा येतो. त्यासाठी एक वेगळी फाइल ठेवा, जी कुणालाही पाठवायची नाही. तिच्यात प्रत्येक नोकरी, प्रशिक्षण, प्रकल्प, स्वयंसेवा, बक्षीस, शिकलेलं सॉफ्टवेअर, सगळं येऊ द्या. प्रत्येक नोकरीसाठी रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना-वर्ष, पदाचं नेमकं नाव, संस्था काय करते ते एका ओळीत, हाताखाली किती माणसं होती, तुम्ही कुणाला उत्तरदायी होता, आणि किमान आठ-दहा कामं. ही यादी पाच-सहा पानांची झाली तरी हरकत नाही. प्रत्येक अर्जाच्या वेळी तिच्यातून वेचायचं.

यादी भरताना जुने ईमेल, वार्षिक मूल्यमापनाचे कागद आणि कॅलेंडर समोर ठेवा. चार वर्षांपूर्वीचा आकडा आठवणीतून काढला की तो गोल होतो, आणि गोल आकड्यावर मुलाखतीत प्रश्न येतो. नोकरीत असतानाच दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं काढून ही यादी वाढवत राहणं सगळ्यांत सोपं. नोकरी सोडल्यावर त्या ईमेलपर्यंत हात पोहोचत नाही.

एक ओळ कशी बांधायची

रेझ्युमेचा जीव अनुभवाच्या ओळींत असतो. बाकी सगळ्याला मिळून जितका वेळ द्याल, तितका एकट्या या भागाला द्या.

नेहमी दिसणारी ओळ अशी असते: ‘गोदामाच्या सर्व कामांची जबाबदारी होती.’ यातून काय कळतं? जबाबदारी होती, पण ती पार पडली का? गोदाम केवढं होतं? ‘सर्व कामं’ म्हणजे कोणती? हीच ओळ गोदामातल्या कोणत्याही माणसाने लिहिली असती. तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव घालून ओळ तशीच खरी राहत असेल, तर ती बदलायला हवी.

ओळीत तीन गोष्टी याव्यात: काय केलं, कसं केलं, आणि त्याने काय बदललं. वरची ओळ अशी होईल:

‘३,२०० वस्तूंचा साठा; वर्षातून एकदा होणाऱ्या मोजणीऐवजी रोज ५० वस्तूंची फिरती मोजणी सुरू केली; नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांतली तफावत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली.’

आता वाचणाऱ्याला गोदामाचा आवाका कळला, तुमची युक्ती कळली आणि फायदा कळला. मुलाखत घेणारा कदाचित इथेच भागाकार करेल: ३,२०० भागिले ५० म्हणजे कामाच्या ६४ दिवसांत एक फेरी पूर्ण. रेझ्युमेतले आकडे असे एकमेकांशी जुळले पाहिजेत. ‘रोज २० वस्तू मोजून दर महिन्याला पूर्ण साठा तपासला’ असं लिहिलंत तर हिशेब कागदावरच फसतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

‘माझ्या कामात आकडेच नाहीत’ ही तक्रार फार ऐकू येते. विक्रीची रक्कम किंवा नफ्याची टक्केवारी प्रत्येकाकडे नसते, हे खरंच. पण मोजता येण्यासारखं बाकी बरंच असतं. किती (विद्यार्थी, रुग्ण, पावत्या, फोन, शाखा), किती वेळा (रोज, आठवड्याला, तिमाहीला), किती वेळात (मुदत, वाचलेले तास), किती चुका (परत आलेला माल, तक्रारी, लेखापरीक्षणातले आक्षेप), किती मोठं (क्षेत्रफळ, अंदाजपत्रक, चमूचा आकार). शाळेतल्या शिक्षिकेने ‘विज्ञान विषय शिकवला’ याऐवजी ‘इयत्ता ८वी ते १०वीच्या ४ तुकड्या, एकूण १६० विद्यार्थी, वर्षभरात २४ प्रयोगांचं वेळापत्रक आखून प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः प्रयोग करायला दिला’ असं लिहिलं, की कामाचं वजन दिसतं. परिचारिकेसाठी ‘रुग्णांची काळजी घेतली’ ही ओळ पोकळ आहे. ‘३० खाटांचा शस्त्रक्रियोत्तर कक्ष, प्रत्येक पाळीत ६ रुग्णांची जबाबदारी, नव्याने रुजू झालेल्या ५ परिचारिकांना औषधनोंदींचं प्रशिक्षण’ ही ओळ बोलते.

आणि निकाल खरोखरच मोजता येत नसेल, तर तो साध्या शब्दांत सांगा: ‘तयार केलेला तक्ता नंतर इतर दोन विभागांनीही वापरायला घेतला.’ हा पुरावाच आहे. ओढूनताणून टक्केवारी लावू नका. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ लिहिल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कार्यक्षमता मोजली कशी? उत्तर नसेल तर ती ओळ तुमच्या विरोधात जाते.

मराठीत रेझ्युमे लिहिताना वाक्यरचनेचा फायदा घ्या. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, म्हणजे ओळीच्या तोंडाशी कामाचा विषय किंवा आकडा ठेवता येतो. वरवर चाळणारी नजर ओळीचे पहिले तीन-चार शब्दच टिपते, तिथे ‘माझ्याकडे असलेल्या’, ‘सदर कार्यालयात’ असले शब्द नकोत. ‘मी’ लागतच नाही. ‘करण्यात आले’, ‘पार पाडण्यात आले’ या कार्यालयीन कर्मणीने करणारा माणूस नाहीसा होतो. ‘केलं’, ‘उभारलं’, ‘कमी केलं’, ‘शिकवलं’, ‘दुरुस्त केलं’ अशी सरळ क्रियापदं घ्या. ‘मदत केली’ आणि ‘सहभाग घेतला’ यांपासून सांभाळा: नेमका तुमचा वाटा कोणता होता ते लिहा. चमूचं काम असेल तर ‘चार जणांच्या चमूत चाचणीचा भाग माझ्याकडे’ असं म्हणायला संकोच नको. इथे ‘माझ्याकडे’ हा शब्द उपयोगी आहे.

सध्याच्या नोकरीत पाच-सहा ओळी, त्याआधीच्या नोकरीत तीन-चार, दहा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना प्रत्येकी एक, हे प्रमाण बहुतेकांना जमतं. प्रत्येक नोकरीतली पहिली ओळ जाहिरातीतल्या सर्वांत मोठ्या मागणीला उत्तर देणारी हवी. आपल्या गोदामाच्या उदाहरणात ती ताळमेळाची. माणसांच्या नियोजनावर भर देणारी दुसरी जाहिरात आली, तर पाळ्यांची ओळ वर जाईल. ओळी त्याच, क्रम वेगळा. एका मूळ यादीतून दोन रेझ्युमे निघतात ते असे.

गुपितांचं भान ठेवा. जुन्या मालकाच्या ग्राहकांची नावं, जाहीर न झालेली उलाढाल, चालू निविदा रेझ्युमेत आल्या तर नवा मालक एकच विचार करतो: हा उद्या आमचंही बाहेर सांगेल. रकमेऐवजी टक्केवारी आणि नावाऐवजी ‘एक मोठी औषध कंपनी’ असं लिहून काम भागतं.

कोणता भाग कुठे

सर्वांत वर नाव, त्याखाली फोन, ईमेल, शहर. परदेशी अर्जात फोनपुढे देशाचा क्रमांक हवा. ईमेलचा पत्ता नाव-आडनावाचा असू द्या. कॉलेजात गंमत म्हणून काढलेला पत्ता इथे नको, आणि सध्याच्या कंपनीचा तर मुळीच नको. संपूर्ण पत्ता, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, ओळखपत्रांचे क्रमांक मागितल्याशिवाय देऊ नका. यांतल्या कशानेही कामाची क्षमता सिद्ध होत नाही, आणि रेझ्युमे किती हातांतून फिरेल ते तुमच्या ताब्यात नसतं. फोटोचा रिवाज देशागणिक बदलतो: अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो लावत नाहीत, जर्मनीत आणि जपानमध्ये लावण्याची पद्धत आहे. जिथे अर्ज करताय तिथली रीत पाळा.

त्यानंतर तीन-चार ओळींचा परिचय, ४० ते ६० शब्दांचा. जागेवर तो वरचा असला तरी लिहायचा सगळ्यात शेवटी, कारण तोपर्यंत तुमच्या जमेच्या बाजू तुम्हालाच स्पष्ट झालेल्या असतात. ‘मेहनती, प्रामाणिक, आव्हानात्मक संधीच्या शोधात’ हे शब्द इतक्या कागदांवर असतात की नजर त्यांच्यावरून घसरते. ‘स्वतःची प्रगती करत संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे’ हे उद्दिष्टही काढून टाका. त्याजागी सुरुवात अशी करा: ‘गोदाम व्यवस्थापनात ७ वर्षं. ३,२०० वस्तूंचा साठा आणि १२ जणांची पाळी सांभाळण्याचा अनुभव. साठ्याच्या नोंदी एक्सेलमध्ये. गेली २ वर्षं सॅपवर.’ जाहिरातीतल्या मुख्य मागण्यांपैकी तीन आणि प्राधान्याची एक, अशी चार उत्तरं पहिल्या बोटभर जागेत आली.

अनुभव नेहमी उलट्या क्रमाने द्या, ताजा वर. कौशल्यांचे गट पाडून नोकऱ्या खाली दडवणारी पद्धत काही जण क्षेत्र बदलताना सुचवतात. आमचं मत तिच्या विरुद्ध आहे. कोणतं काम कुठे आणि कधी केलं हे कळेनासं झालं, की वाचणारा काहीतरी लपवलंय असं धरून चालतो. क्षेत्र बदलत असाल तर परिचयात तसं उघड सांगा आणि जुन्या नोकऱ्यांतल्या, नव्या क्षेत्रात चालतील अशा ओळी वर घ्या.

एकाच संस्थेत बढती मिळाली असेल तर संस्थेचं नाव एकदाच, त्याखाली पदं वेगवेगळी, प्रत्येकाची मुदत वेगळी. सगळी वर्षं शेवटच्या पदाखाली दाखवलीत तर बढती दिसतच नाही, शिवाय पडताळणीत तारखा जुळत नाहीत.

शिक्षण अनुभवाच्या खाली. नुकतंच शिक्षण संपलं असेल तरच वर, आणि त्यासोबत प्रकल्प, प्रशिक्षण काळ, सुट्टीतली कामं. प्रकल्पाच्या ओळीही वरच्याच नियमाने लिहायच्या: नुसतं शीर्षक न देता तुम्ही कोणता भाग केला, कोणती साधनं वापरली, शेवटी काय चाललं. नोकरीची पाच-सात वर्षं झाल्यावर शाळेतल्या गुणांची जागा दुसऱ्या कशाला तरी द्या.

कौशल्यांच्या भागात पाचपैकी चार तारे किंवा भरलेल्या पट्ट्या दिसल्या की प्रश्न पडतो: पाचवा तारा म्हणजे काय? मोजपट्टीच नसल्यामुळे त्या चित्राला अर्थ उरत नाही. ‘एमएस ऑफिस’ऐवजी ‘एक्सेल: पिव्होट टेबल, व्हीलुकअप, मॅक्रो’ लिहा. भाषांसाठी मात्र मोजपट्टी आहे. युरोपीय चौकटीतल्या ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पातळ्या अनेक देशांत समजतात. परीक्षा दिली असेल तर पातळी आणि वर्ष, नसेल तर ‘बोलता येते, लिहिण्याचा सराव कमी’ असं सरळ लिहा. ‘नेतृत्वगुण’, ‘संवादकौशल्य’ हे या यादीत नकोत; ते अनुभवाच्या ओळींतून दिसायचे असतात.

खंड पडला असेल तर तो झाकू नका. मुलांचं संगोपन, आजारपण, घरातल्यांची शुश्रूषा, शिक्षण, नोकरी जाणं, हे कुणाच्याही आयुष्यात येतं. सहा महिन्यांहून मोठ्या खंडासाठी तारखांसह एक ओळ पुरते: ‘एप्रिल २०२१ ते जून २०२२: कौटुंबिक शुश्रूषा, याच काळात लेखासॉफ्टवेअरचा अभ्यासक्रम पूर्ण.’ तपशील देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. महिने वगळून फक्त वर्षं लिहिण्याची युक्ती सरावलेल्या नजरेला लगेच कळते, आणि मग खंडापेक्षा ती लपवाछपवीच जास्त खटकते.

छंद तेव्हाच लिहा जेव्हा त्यातून कामाला लागणारं काही दिसतं. ‘वाचन, संगीत, प्रवास’ ही ओळ काढून ती जागा मोकळी सोडलीत तरी कागद सुधारतो. ‘संदर्भ मागितल्यास देऊ’ हेही नको. हवे असतील तर ते मागतातच. मात्र ज्यांची नावं देणार त्या दोन-तीन व्यक्तींना आधी विचारून ठेवा.

कागद आणि फाइल

दहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान, त्यापुढे दोन. दीड पान वाईट दिसतं: एकतर कापून एकावर आणा किंवा दुसरं पान किमान दोन-तृतीयांश भरू द्या. एका पानात कोंबण्यासाठी अक्षर ९ पॉइंटपर्यंत खाली आणणं हा उपाय नाही. मजकूर १०.५ ते १२ पॉइंट, शीर्षकं १३-१४, नाव १८ ते २०, समास चारही बाजूंनी २ सेंटिमीटरच्या आसपास. एकच फॉन्ट, ठळक अक्षरं फक्त पदांना आणि शीर्षकांना. तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने.

मोठ्या संस्थांत अर्ज आधी एका संगणकप्रणालीत जातात. ती फाइलमधून मजकूर उपसून नाव, पद, तारीख अशा कप्प्यांत भरते. तिथे घोळ होतो तो सजावटीमुळे. दोन रकान्यांची मांडणी असेल तर काही प्रणाली दोन्ही रकाने आडवे वाचतात, आणि डावीकडच्या कौशल्याला उजवीकडची तारीख चिकटते. पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन काही वेळा वाचलाच जात नाही. मजकूरचौकटी, आलेख, फोनच्या जागी काढलेलं फोनचं चित्र, हे सगळं गळतं. रेझ्युमे स्कॅन करून किंवा फोटो काढून पाठवलात तर प्रणालीच्या दृष्टीने ते नुसतं चित्र असतं.

तपासायची रीत सोपी आहे. तयार पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, नक्कल करा आणि नोटपॅडसारख्या साध्या खिडकीत चिकटवा. जे दिसेल साधारण तेच प्रणालीला मिळणार. क्रम बिघडला, शब्द तुटले, चौकोन आले, तर मांडणी साधी करा: एक रकाना, वरून खाली, शीर्षकं नेहमीचीच (‘अनुभव’, ‘शिक्षण’, ‘कौशल्ये’).

देवनागरीतल्या रेझ्युमेला हा प्रयोग जास्तच गरजेचा. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल समोरच्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडते. युनिकोड फॉन्ट वापरला तरी पीडीएफमधून नक्कल करताना पहिली वेलांटी जागा बदलते आणि जोडाक्षरं सुटतात, हा अनुभव नेहमीचा आहे. छापायला किंवा डोळ्यांनी वाचायला पीडीएफ उत्तमच. पण संकेतस्थळावर चढवायचा असेल आणि नक्कल बिघडत असेल, तर वर्डची फाइल द्या.

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मजकूर उपसल्यावर रंग उरत नाही, आणि लपवलेली ओळ वाचणाऱ्याच्या पडद्यावर उघडी पडते.

तयार नमुना उतरवून घेतला असेल तर फाइलचे गुणधर्म उघडून बघा. शीर्षक आणि लेखक या जागी नमुना बनवणाऱ्याचं किंवा ज्याच्याकडून फाइल घेतली त्या मित्राचं नाव राहून जातं. वर्डमध्ये बदलांचा माग आणि शेरे बंद करण्याआधी ते स्वीकारून काढून टाका, नुसते लपवू नका. फाइलचं नावही कामाचं हवं: आडनाव, नाव, पद. ‘रेझ्युमे-अंतिम-नवा-२’ या नावाची फाइल समोरच्याच्या फोल्डरमध्ये हरवते.

चॅटबॉटकडून मसुदा घेत असाल तर तो कच्चा माल समजा. दोन गोष्टी हमखास बिघडतात: तुम्ही न दिलेले आकडे त्यात शिरतात, आणि भाषा इतकी गुळगुळीत होते की कोणाचाही रेझ्युमे वाटावा. तुमच्या मूळ यादीतल्या ओळी देऊन ‘यातलं काही न वाढवता छोटं कर’ एवढंच काम सांगा आणि प्रत्येक आकडा यादीशी पडताळा.

पाठवण्याआधी आणि नंतर

लिहिलं त्याच दिवशी पाठवू नका. एक रात्र जाऊ द्या, मग छापून मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळतो ती ओळ लांब आहे. नंतर शेवटच्या ओळीपासून वर वाचत या. अर्थाचा ओघ तुटल्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आणि दोनदा आलेले शब्द दिसू लागतात. कागदावरचा फोन नंबर बघून स्वतःला फोन लावा. दिलेले दुवे दुसऱ्या संगणकावरून उघडा. लिंक्डइनवर खातं असेल तर तिथली पदं आणि तारखा जुळतात का पहा, कारण दोन्ही शेजारी ठेवून बघितलं जातं.

मग तुमचं क्षेत्र माहीत नसलेल्या कुणाला तरी कागद अर्धा मिनिट दाखवून परत घ्या आणि विचारा, ‘मी काय काम करतो आणि त्यात माझं विशेष काय?’ उत्तर चुकलं तर परिचय आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहा. खालचं काही बदलून उपयोग होत नाही, नजर तिथपर्यंत गेलेलीच नसते.

ईमेलच्या विषयात पद, जाहिरातीचा क्रमांक आणि तुमचं नाव. मजकूर १०० ते १५० शब्दांचा: कोणत्या जागेसाठी, जाहिरातीतल्या कोणत्या दोन मागण्या तुम्ही कशा पूर्ण करता, कधी रुजू होऊ शकता. ‘सोबत रेझ्युमे जोडला आहे, कृपया पाहावा’ एवढ्यावर थांबलात तर एक संधी वाया गेली. फाइल आधी जोडा आणि समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे अर्धवट ईमेल निघून जाणार नाही. एकाच ईमेलमध्ये दहा कंपन्यांचे पत्ते तर कधीच नकोत.

प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: तारीख, पद, रेझ्युमेची कोणती आवृत्ती पाठवली, आणि जाहिरातीची प्रत. मुलाखतीचं बोलावणं दीड-दोन महिन्यांनीही येतं, तोवर जाहिरात संकेतस्थळावरून गेलेली असते आणि कोणत्या ओळी पाठवल्या होत्या ते आठवत नाही. दुरुस्ती कुठे करायची हेही याच नोंदीवरून कळतं. वीस-पंचवीस अर्ज जाऊन एकही बोलावणं आलं नाही, तर आधी नोटपॅडचा प्रयोग पुन्हा करा, मग तीन रकाने काढून बघा: कदाचित जाहिरातीच चुकीच्या निवडल्या जात आहेत. बोलावणी येतात पण पहिल्या फेरीतच थांबतं, तर रेझ्युमेतल्या कोणत्या ओळीवर प्रश्न आला आणि उत्तर अडलं ते त्याच संध्याकाळी नोंदीत लिहा, आणि पुढच्या अर्जाआधी ती ओळ एकतर पुराव्यासकट पक्की करा किंवा काढून टाका.